चिमाकाकीची न झालेली सून

आमच्या खालच्या वाडीत आजवर मी दीडशे तरी लग्नं जेवलो असेन. पण गेल्या दिवाळीनंतर एक लग्न असं लागलं, की त्याला ना नवरा होता, ना नवरी, ना भटजी. होत्या फक्त दोन बायका, चिमा आणि सखू, आणि दोघींच्या मधे उन्हात पसरलेला जवळा. मी कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलो होतो. मुद्दाम नाही. माझी खुर्ची तिथंच असते.

चिमा म्हणजे बाबल्याची बायको. जयगडच्या खाडीला लागून घर, पुढे मासळी सुकवायचं खळं, मागे दोन आंबे. बाबल्या मिरकरवाड्याला ट्रॉलरवाल्यांची जाळी शिवतो आणि शनिवारी घरी येतो. एकुलता एक मुलगा सागर, मालवाहू बोटीवर इंजिनात. आठ महिने पाण्यावर, तीन-चार महिने नवी मुंबईत भाड्याच्या घरात. मुलगा बोटीवर लागला तेव्हापासून चिमेच्या मनात जी धडकी बसली ती बसलीच. शुक्रवारी केस धुवायचे नाहीत, अवसेला नारळ फोडायचा नाही, गलबताचं चित्र असलेली काडेपेटी उलटी ठेवायची नाही. एकदा बाबल्यानं विडी पेटवून काडेपेटी उलटी टाकली, तर हिनं दोन दिवस त्याला जेवायला वाढलं पण त्याच्याशी बोलली नाही.

तर ही चिमा दिवाळीत नवी मुंबईला जाऊन मोतीबिंदू काढून आली होती. सखूनं जवळा उलथता उलथता विचारलं, "काय गो चिमे, दिसतं का आता?"

"दिसतं तर. तुझ्या नाकावरचा मस पण दिसतो."

"तो मेला पहिल्यापासून हाय. पण डोळ्यात थेंब कुणी घातलेनी गो? दिवसातनं सहा सहा वेळा घालायला लागतात. सागर तर दहाच्या आत उठत न्हाय."

"सुनेनं," चिमा म्हणाली.

मी खुर्चीत सरळ बसलो.

"सुनेनं?" सखूच्या हातातला जवळा खाली पडला. "सागरनं लग्न केलंन? आणि आम्हाला पत्ता न्हाय?"

"कोर्टात केलंन. घाईत. बोटीवर परत जायचं हाय ना त्याला."

झालं. लग्न लागलं. सखूनं दुपारपर्यंत वरची आळी केली. मी फक्त चार घरी सांगितलं. त्यातलं एक घर मंडळाच्या अध्यक्षाचं निघालं त्याला मी काय करू?

खरी गोष्ट मला मागाहून कळली, तीही चिमेच्याच तोंडून. ऑपरेशनसाठी ती सागरच्या घरी पोचली तर दार एका मुलीनं उघडलं. शमिका तिचं नाव, एकतीस वर्षांची, कुठल्याशा दवाखान्यात एक्स-रे काढते. सागर स्वयंपाकघरात तोंड लपवून चहा करत राहिला. शमिकानं काकूंची पिशवी घेतली, पाणी दिलं आणि समोर बसून सांगितलं, "काकू, सागर तुम्हाला सांगायला घाबरतो, म्हणून मीच सांगते. आमचं लग्न झालेलं नाही. तीन वर्षं आम्ही एकत्र राहतो."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, पंधरा दिवस रडायचं नाही, डोळा बिघडेल. आता सांगा, बाईवर असा प्रसंग आणि रडायला बंदी! चिमा आढ्याकडे बघत पडून राहिली. शमिका मात्र गजर लावून सहा वेळा थेंब घालायची, भाकरी मऊ व्हावी म्हणून पीठ उकडून घ्यायची. तेराव्या-चौदाव्या दिवशी चिमेला तिच्याशिवाय करमेनासं झालं होतं. म्हणून सखूनं विचारल्यावर तोंडातून तो शब्द निघाला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. दुसरा शब्दच तिच्याकडे नव्हता.

इथवर ठीक होतं. अशी खोटी वाडीत पुष्कळ खपतात. पण माघ आला.

माघात आमच्या वाडीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते आणि तिला वर्षातलं सगळ्यांत नवं जोडपं बसतं. माझ्या तरुणपणी सात-आठ जोडपी असायची, चिठ्ठ्या टाकाव्या लागत. आता चिठ्ठ्या राहू द्या, जोडपंच मिळत नाही. मुलगे तिशी ओलांडून बसलेत, मुलींना वाडी नको, ज्यांची जमतात त्यांची पुण्यात हॉलवर उरकतात. अजिंक्य आणि अक्षया लागोपाठ दोन वर्षं बसली. यंदा अध्यक्ष बाबू त्यांच्याकडे पुन्हा गेला, तर अक्षया फोनवर म्हणाली, "बाबूकाका, त्याच आठवड्यात आमची कोर्टाची तारीख आहे. घटस्फोटाची. पूजेला बसून तिकडे जायचं का?"

बाबू घाम पुसत बाहेर पडला आणि त्याला सागरचं लग्न आठवलं. संध्याकाळी चिमेच्या दारात उभा. "काकी, यंदा मान तुमचा. सागर आणि सूनबाई पूजेला बसतील. फोटो द्या, बोर्डावर टाकायचा हाय."

चिमेनं मोबाईल पुढे केला. नाही कसं म्हणणार? बाबू गेल्यावर ती आमच्या कुंपणापाशी आली. चेहरा पिठासारखा पांढरा.

"दादानू, मी मेले."

"काय झालं?"

तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. मी हसलो. माझी खोडच आहे ती. म्हटलं, "अगो, बसतील तासभर. देवाला काय लग्नाचा दाखला लागतो?"

"हसू नका तुम्ही. चौथा अध्याय ऐकलात ना? साधुवाण्यानं काय केलंन? बोटीत सोनंनाणं, आणि देवानं विचारलं तेव्हा म्हणाला पालापाचोळा हाय. एवढंच खोटं. सगळ्या बोटीचा पाला झाला. आणि माझं खोटं तर बोर्डावर लागणार, फोटोसकट. पूजा सहा तारखेला, आणि दहा तारखेला माझा सागर बोटीवर चढतोय."

तिनं कुंपणाची तार दोन्ही हातांनी आवळून धरली होती. माझं हसू तिथंच थांबलं. चेष्टा मला सगळ्याची करता येते, पण समुद्रावर गेलेल्या माणसाची आमच्याकडे कुणी करत नाही.

मग चिमेनं सुटकेचा मार्ग शोधला. तो तिलाच सुचावा. सुतक! घरात सुतक असलं तर पूजेला बसता येत नाही, आणि खोटंही बोलावं लागत नाही. आता सुतक यायचं म्हणजे भाऊबंदांत कुणीतरी जायला हवं. चिमेनं सगळी भाऊबंदकी मनात उभी केली, वयाप्रमाणे. सगळ्यांत पुढे होते धाकूआजोबा. बाबल्याच्या बापाचे चुलतभाऊ, वय एक्याण्णव, अलोऱ्याला कोयनेच्या वसाहतीत नातवाकडे अंथरुणाला खिळलेले. दिवाळीपासून डॉक्टरनं आशा सोडली होती.

चिमेनं नातसुनेला, राहीला, फोन लावला. "काय गो राही, आजोबांचं कसं हाय?"

"तसंच आहे काकी. पेजसुद्धा जात नाही."

"अरेरे," चिमा म्हणाली, आणि फोन ठेवून देवापुढे नाक घासलं, कारण 'अरेरे' म्हणताना तिला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळी जवळा पसरायच्या आधी अलोऱ्याला फोन, असा नेमच झाला. राहीला भरून आलं. म्हणाली, "काकी, त्यांच्या सख्ख्या मुलीनंसुद्धा इतकी चौकशी केली नाही हो." आणि तिनं जाऊन म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं, जयगडची चिमा रोज तुमची विचारपूस करते.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं त्या दिवशी अर्धी वाटी पेज घेतली.

पाचव्या दिवशी उशीला टेकून बसला. आठव्या दिवशी सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला. दहाव्या दिवशी राहीचा फोन आपणहून आला, "काकी, एक आनंदाची बातमी. आजोबा म्हणतायत, मला सहा तारखेच्या पूजेला न्या. ज्या सुनेनं माझी आठवण ठेवलीन तिला बघायचंय."

चिमा खळ्यात मटकन बसली. एका माणसाचं मरण चिंतलं, तेही देवाच्या कानावर गेलं असणार. आता एकाच्या जागी दोन पापं झाली. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. बंदरात लागणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला की ती हातातलं टाकून उभी राहायची.

पाच तारखेला दुपारी सागर आणि शमिका आले, सागर बोटीवर जाण्याआधी निरोप घ्यायला. चिमेनं त्यांना काहीच कळवलं नव्हतं. वाडीच्या ग्रुपमधून सागर कधीचाच बाहेर पडला होता. पण वाडीच्या वळणावर बाबूनं आठ फुटी बोर्ड लावला होता. वर सत्यनारायण, खाली सागर आणि शमिका, आणि अक्षरं ही एवढी: 'यंदाचे यजमान नवदांपत्य श्री. सागर व सौ. शमिका यांचे हार्दिक स्वागत.'

सागर हसतच घरात शिरला. "आई, आमचं लग्न झालं ते बरं झालं, पण जेवायला काय होतं ते तरी सांग!"

शमिका हसत नव्हती. बॅग ओटीवर ठेवून ती चिमेच्या समोर बसली. "काकू, काय झालंय?"

चिमेनं सांगितलं. सुनेपासून सुतकापर्यंत, काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "उद्या सकाळी पूजेच्या आधी भटजींसमोर एकमेकांना हार घाला. पाच मिनिटांचं काम. मग खोटं राहणार न्हाय."

"नाही काकू," शमिका म्हणाली. "लग्न करायचं की नाही हे आमचं ठरेल तेव्हा ठरेल. त्या बोर्डासाठी नाही करायचं मला."

"मग असेच बसू," सागर म्हणाला. "तासाभराचा प्रश्न आहे. कोण विचारतंय?"

शमिका चिमेकडे वळली. मग म्हणाली, "मी बसेन काकू, तुमच्यासाठी. साडी नेसेन, म्हणाल ते करीन. माझा ह्या सगळ्यावर तितका विश्वास नाही, मला त्रास नाही होणार. पण तुमचा आहे. तुम्हाला झेपेल का?"

चिमा चहा ठेवते म्हणून आत गेली. चहा काही आला नाही.

सहा तारखेला सकाळी दहाला मांडव भरला. सागर सोवळं नेसून पाटावर, शेजारी चिमेच्या हिरव्या साडीत शमिका. पुढच्या खुर्चीत राहीनं आणलेले धाकूआजोबा, कानटोपी घालून, सगळ्यांकडे बघून हसतायत. बाबल्या खांबाला टेकून उभा, सुनेकडे कौतुकानं बघतोय, कारण कोर्टाचं लग्न त्यालाही खरंच वाटत होतं. भटजी तरुण, मोटारसायकलवरून आलेले, अजून तीन पूजा व्हायच्या होत्या. त्यांनी कॉलरला माईक लावला, सागरच्या उपरण्याचं टोक घेतलं, शमिकाच्या पदराचं टोक घेतलं आणि गाठ मारायला हात जुळवले.

"थांबा!"

चिमा उठली होती. दोन पावलं पुढे आली आणि भटजींच्या अगदी जवळ उभी राहिली.

"ह्यांचं लग्न झालेलं न्हाय. कोर्टात पण न्हाय. पोरं खोटं बोललेली न्हायत, मी बोलले. देवा, त्याच्या बोटीला काय करू नकोस. काय करायचंस तां मला कर."

कॉलरचा माईक चालू होता. कर्ण्यावरून हे सगळं वरच्या आळीपर्यंत गेलं, खाडीपलीकडेही गेलं असेल. मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. मीही बोललो नाही, आणि माझ्या आयुष्यात असं फार थोड्या वेळा झालंय.

पहिला आवाज बाबल्याचा. "म्हणजे... मला पण खोटंच सांगितलंस?"

चिमेची भीती आता फुटलेल्या बांधासारखी वाहत होती. ती धाकूआजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्हाला पण सांगते. रोज फोन करायचे तां तुमच्या मायेनं न्हाय. सुतकाची वाट बघत होते."

राहीनं तोंडावर हात घेतला. आजोबांनी कानटोपी वर केली, सगळं नीट समजून घेतलं आणि विचारलं, "मग मी जगलो म्हणून तुला राग न्हाय ना आला?"

कुणीतरी फिसकन हसलं. सगळा मांडव हसला असता, पण चिमेचं तोंड बघून हसू विरलं.

"मुहूर्त जातोय," भटजी म्हणाले. "कुणीतरी बसा."

शेवटी बाबू आणि त्याची बायको बसली. आता हे जोडपं कसं? तर पोफळीच्या बागेवरून दोघांत वाद झाला त्याला चार वर्षं झाली. एकाच घरात राहतात, शब्द बोलत नाहीत, चुलीसुद्धा दोन. भटजींनी त्यांच्या पदराची आणि उपरण्याची गाठ मारली. "तुळस द्या" असं बाबू भटजींना सांगायचा, भटजी बाईंना सांगायचे, बाई भटजींच्या हातात द्यायच्या. पूजा यथासांग पार पडली. त्यांच्याकडे दाखला होता ना!

शमिका साडीचा पदर खोचून बायकांत शेवटी बसली होती. सखू तिच्याकडे वळून वळून बघत होती. चौथा अध्याय सुरू झाला. चिमा डोळे मिटून ऐकत होती. कलावती नवऱ्याची बोट आली म्हणून प्रसाद न घेता धावली आणि बोट बुडाली, इथवर कथा आली, चिमेनं डोळे उघडले, आणि शमिका जागेवर नव्हती.

प्रसाद न घेता गेली!

चिमा उठली. कथा चालू असताना उठू नये हेही ती विसरली. प्रसादाच्या पातेल्यात हात घातला, शिऱ्याची मूद द्रोणात घेतली आणि धूम ठोकली. सखू ओरडली, "चिमे, अजून आरती झाली न्हाय!" काठी टेकत मीही मागे निघालो. आता ह्याला कुणी चोंबडेपणा म्हणेल.

शमिका खाडीच्या बांधावर बसली होती. पलीकडे बंदराच्या बाहेर तीन मोठ्या बोटी उभ्या होत्या. चिमा धापा टाकत पोचली आणि द्रोण तिच्यापुढे धरला. "खा. आधी खा. मग रागाव."

"मी रागावले नाही काकू."

"मग उठून का आलीस?"

शमिका बोटींकडे बघत राहिली. "त्या कलावतीचं ऐकवेना मला." मग हळू म्हणाली, "गेल्या खेपेला सागरचा सहा दिवस फोन लागत नव्हता. तुम्हाला आम्ही सांगितलंच नाही. सहाव्या दिवशी मी कंपनीत फोन केला. ते म्हणाले, तुम्ही कोण? मी सांगितलं, आम्ही एकत्र राहतो. ते म्हणाले, मॅडम, कागदावर त्यांच्या आईचं नाव आहे, आम्ही फक्त त्यांनाच सांगू शकतो. नंतर कळलं, बोटीवरचं इंटरनेटच बंद पडलं होतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्हाला देवाची भीती वाटते. मला ह्याची वाटते. काही झालं तर मला कुणी कळवणारच नाही."

चिमेला हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्याशिवाय आणखी कुणी त्या बोटीसाठी घाबरत असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. ती बांधावर शमिकाच्या शेजारी बसली.

"मला फोन येईल ना?"

"हो. तुम्हालाच."

"मग मी पहिला तुला करीन. बाबल्याच्या आधी, देवाच्या आधी. आता खा बघू."

शमिकानं शिरा खाल्ला. चिमेनं तो पूर्ण संपेपर्यंत द्रोणावरची नजर हलवली नाही.

दहा तारखेला सागर गेला. लग्नाचं त्यांनी काही ठरवलं की नाही, मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे अजून ठरलेलं नाही. सखूनं चिमेशी आठ दिवस अबोला धरला, पण जवळा एकटीनं उलथवत नाही म्हटल्यावर नवव्या दिवशी आली. बोर्डावरचं 'सौ.' कुणीतरी चुन्यानं पुसून टाकलं.

मग मार्चमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास चिमेचा मोबाईल वाजला. मी कुंपणाशीच होतो. तिनं स्क्रीन बघितली, मुंबईचा नंबर, कंपनीचा. सागरनं तो सेव्ह करून दिला होता. कंपनीनं आजवर कधी फोन केला नव्हता. तिनं बोट लावलं आणि फोन कट केला. मग दुसरा नंबर लावला.

"शमिका! कंपनीचा फोन आला गो!"

"काय म्हणाले?" तिकडचा आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला.

"काय म्हायत! मी उचललाच न्हाय. आधी तुला लावला. मी कबूल केलं होतं ना."

शमिका म्हणाली, "काकू, फोन ठेवू नका. कानालाच धरा. मी दवाखान्याच्या फोनवरून त्यांना लावते. सांगते, आईंच्या वतीनं बोलतेय."

नऊ मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. चिमा खळ्याच्या मधोमध उभी, फोन कानाला, उन्हात, डोक्यावर पदर नाही. कावळे जवळा खात होते, तिनं हाकलले नाहीत. मला सागर आठवत होता, पाच वर्षांचा, ह्याच खळ्यात नागडा पळणारा.

"काकू?"

"बोल."

"तो ठीक आहे. बोटही ठीक आहे. त्यांना तुमच्या आधारकार्डाची झेरॉक्स हवी आहे, जुनी पुसट झालीय."

चिमा खाली बसली, सरळ जवळ्यावरच. तिकडे ती रडत होती, इकडे ही रडत होती. आणि मग, डॉक्टरनं घातलेली रडायची बंदी उठल्याचं वरच्या आळीला कळावं अशा आवाजात, चिमा त्या फोनमध्ये ओरडली, "झेरॉक्स? मेल्यांनो, झेरॉक्ससाठी दोन बायकांचे जीव घेता काय रे?"